इलेक्ट्रिक गिटारसाठी पहिले डिले पेडल कसे निवडावे?

मंद्र (धागाकर्ता)

माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारे) पेडल आणि रिव्हर्ब (खोलीसारखी गुंज) असलेला ट्यूब ॲम्प आहे. आता त्यात डिले पेडल, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारे पेडल, जोडायचे आहे. पेडलची वर्णने पुष्कळ वाचली. परंतु त्यांतून प्रत्येक पेडल काय काय करू शकते एवढेच कळते, मला त्यातले काय हवे आहे हे कळत नाही. म्हणून आधी माझी गरज मांडतो.

आमच्या गटात ड्रम, बेस, गायन आणि माझी गिटार एवढेच आहे. दुसरी गिटार नाही. एकल वादन सुरू झाले की तालाची गिटार थांबते आणि मागे पोकळी जाणवते, ती डिलेने थोडी भरून निघावी ही पहिली अपेक्षा. काही गाण्यांत प्रतिध्वनी लयीत बसावेत आणि त्यांनी जवळजवळ दुसऱ्या गिटारचे काम करावे ही दुसरी. जुन्या रॉक अँड रोल धाटणीच्या गाण्यांसाठी चटकन परत येणारा एकच प्रतिध्वनी, म्हणजे स्लॅपबॅक, मिळावा ही तिसरी. या तिन्ही गोष्टी एकाच पेडलकडून अपेक्षाव्यात का? ॲनालॉग घ्यावे की डिजिटल? टॅप टेम्पो, म्हणजे पायाने ठोके देऊन डिलेची वेळ लावण्याची सोय, खरोखर आवश्यक असतो का? उत्तर देताना केवळ पेडलचे नाव न सुचवता त्यामागचे कारणही लिहिलेत तर माझ्यासारख्या इतरांनाही उपयोग होईल.

खर्ज

तुम्ही गरज इतकी नेमकी मांडली आहे की निम्मे काम झालेच आहे. ॲनालॉग की डिजिटल हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी वेळेकडे पाहू, कारण डिलेचा परिणाम सर्वांत जास्त वेळेवर अवलंबून असतो.

मूळ सूर आणि त्याचा प्रतिध्वनी यांत साधारण ३० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर कानाला दोन वेगळे आवाज ऐकू येत नाहीत. एकच आवाज जाड झाल्यासारखा वाटतो. सुमारे ८० ते १४० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात स्लॅपबॅक येतो. हा परिणाम १९५० च्या दशकात टेपवरून आला. ध्वनिमुद्रण करणारे हेड आणि वाचणारे हेड यांच्यातले अंतर पार करायला टेपला जेवढा वेळ लागे, तेवढ्या उशिराने आवाज परत येई. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल आणि दोन हेडमध्ये २ इंच अंतर असेल तर हा उशीर १३३ मिलिसेकंद होतो. एकल वादनाला खोली देण्यासाठी बहुतेक वादक ३०० ते ५०० मिलिसेकंद वापरतात. लयीत बसणाऱ्या प्रतिध्वनींची वेळ मात्र गाण्याची गतीच ठरवते, तिथे आपल्या आवडीला वाव नसतो.

म्हणजे तुमच्या तीन अपेक्षा तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत पडतात. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना तुम्हाला वेळ, प्रतिध्वनींची संख्या आणि त्यांची पातळी या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील. माझ्या मते निवड याच मुद्द्यावर व्हावी. वाजवताना पायाने काय बदलावे लागणार आहे ते आधी ठरवा. जे वाकून हाताने बदलता येईल त्यासाठी साधा नॉब पुरेसा आहे. जे गाणे चालू असताना बदलायचे आहे त्यासाठी पायाखाली स्विच हवाच, मग त्या पेडलच्या आत कोणतेही तंत्र असो.

आणखी एक बाब लक्षात ठेवा. फीडबॅक (प्रतिध्वनीचा पुन्हा आत सोडला जाणारा भाग) निम्म्यावर असेल, म्हणजे प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा ६ डेसिबलने उतरत असेल, तर सातव्या प्रतिध्वनीपर्यंत आवाज ४२ डेसिबलने खाली येतो आणि गटाच्या वादनात तो त्याच्या कितीतरी आधी ऐकू येईनासा होतो. परंतु १०० मिलिसेकंदांवर ही शेपटी पाऊण सेकंदाच्या आत संपते आणि ५०० वर ती साडेतीन सेकंद रेंगाळते. नॉब तोच, स्थानही तेच, तरीही एका ठिकाणी वादन स्वच्छ राहते आणि दुसऱ्या ठिकाणी पुढचे दोन कॉर्ड चिखलात जातात. म्हणून वेळ वाढवली की फीडबॅक कमी करण्याची सवय लावून घ्यावी.

शुद्धनिषाद

खर्ज यांचे वेळेविषयीचे म्हणणे योग्य आहे, तरी ॲनालॉग-डिजिटल हा प्रश्न इतका बाजूला ठेवण्यासारखा नाही असे मला वाटते. दोन्हींत प्रतिध्वनी वेगळ्या रीतीने तयार होतो आणि हा फरक एकल वादनात स्पष्ट ऐकू येतो.

ॲनालॉग पेडलमध्ये बकेट ब्रिगेड प्रकारची चिप असते. हे तंत्र फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी १९६९ मध्ये विकसित केले. आग विझवण्यासाठी माणसांची रांग लावून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे द्याव्यात, तसा या चिपमध्ये विद्युत प्रभार एका कपॅसिटरकडून पुढच्या कपॅसिटरकडे सरकत जातो. तो किती वेगाने सरकेल हे घड्याळाचे स्पंदन ठरवते. नावाजलेल्या एमएन३००५ या चिपमध्ये असे ४०९६ टप्पे आहेत. टप्प्यांच्या संख्येला स्पंदनाच्या दुपटीने भागले की उशीर मिळतो. १० किलोहर्ट्झवर तो सुमारे २०५ मिलिसेकंद येतो. आता एवढ्या स्पंदनावर ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज चिपमधून नीट जाऊच शकत नाही, म्हणून तो गाळणीने आधीच कापावा लागतो. उशीर वाढवायचा तर स्पंदन मंद करावे लागते आणि गाळणी आणखी खाली आणावी लागते. ॲनालॉग डिलेचा प्रतिध्वनी मऊ आणि काळसर येतो याचे मूळ इथे आहे. शिवाय प्रत्येक फेरीत तोच आवाज पुन्हा त्याच गाळणीतून जातो, त्यामुळे तिसरा प्रतिध्वनी पहिल्यापेक्षा अधिक धूसर असतो.

ही उणीव मानली गेली म्हणूनच पुढे डिजिटल डिले आले. पण एकल वादनात हीच उणीव गुण ठरते. तारेवर आघात होतो तेव्हाची धार मूळ सुरात राहते आणि प्रतिध्वनीत ती नसते. त्यामुळे कान दोघांत गल्लत करत नाही. प्रतिध्वनी मागे उभा राहतो आणि नवा सूर पुढे येतो. त्यामुळेच मिक्सचा नॉब (मूळ आवाजात प्रतिध्वनी किती मिसळावा हे ठरवणारा) बराच वर नेला तरी वादन गढूळ होत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. १९८१ मध्ये आलेल्या बॉस डीएम-२ चा जास्तीत जास्त उशीर ३०० मिलिसेकंद होता. त्याची नवी आवृत्ती, डीएम-२डब्ल्यू, दुसऱ्या पर्यायात ८०० पर्यंत जाते. एमएक्सआर कार्बन कॉपी ६०० मिलिसेकंदांपर्यंत जाते. तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या अपेक्षेला यांतले कोणतेही पेडल उत्तम रीतीने पुरे पडेल.

पाऊणमात्रा

मी दुसऱ्या अपेक्षेविषयी लिहितो, कारण पेडलची खरी परीक्षा तिथे होते.

मिनिटाला जितक्या मात्रा असतील त्या संख्येने ६०,००० ला भागले की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. गती १२० असेल तर मात्रा ५०० मिलिसेकंदांची. या प्रकारच्या वादनात सर्वाधिक वापरली जाणारी वेळ म्हणजे डॉटेड एट्थ, अर्थात पाऊण मात्रा. इथे ती ३७५ मिलिसेकंद होईल. तुम्ही सरळ अर्ध्या मात्रेचे सूर वाजवता आणि प्रतिध्वनी त्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत येऊन पडतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला पाव मात्रेची अखंड वीण ऐकू येते. यू टू या गटाचा गिटारवादक द एज याने या युक्तीवर आपली शैलीच उभी केली. यात प्रतिध्वनीची पातळी मूळ सुराच्या जवळपास असावी लागते, कारण इथे तो मागची सावली नसून नक्षीचा अर्धा भाग असतो. म्हणूनच शुद्धनिषाद यांनी सांगितलेला काळसरपणा इथे आड येतो. आघाताची धार प्रतिध्वनीतही असली तरच वीण एकसंध ऐकू येते.

आता हिशेब पाहा. पाऊण मात्रा ३०० मिलिसेकंदांत बसवायची तर गाण्याची गती १५० किंवा त्याहून अधिक हवी. म्हणजे जुन्या लहान ॲनालॉग पेडलांवर बहुतेक गाणी बसतच नाहीत. ६०० मिलिसेकंद मिळत असतील तर ७५ पर्यंतची गाणी वाजवता येतात आणि तेवढे सहसा पुरते.

टॅप टेम्पो आवश्यक आहे का, असे तुम्ही विचारले आहे. तुमचा ड्रमर कानात मेट्रोनोम लावून वाजवत असेल तर आधी ठरवलेली वेळ पुरेल. तसे नसेल तर विचार करा: पेडल ३७५ वर लावले आहे आणि उत्साहात गटाची गती १२० वरून १२४ झाली. आता पाऊण मात्रा ३६३ मिलिसेकंदांची हवी. पहिला प्रतिध्वनी १२ मिलिसेकंद मागे पडेल, तिसरा ३६. पहिला कुणाच्या लक्षात येणार नाही, पण तिसरा ड्रमच्या ठोक्याशी भांडू लागेल आणि ऐकणाऱ्याला वाटेल की गिटारवादकाचीच लय सुटली. हलत्या लयीच्या गटात टॅप टेम्पोवाचून तालबद्ध डिले वाजवू नये असे माझे ठाम मत आहे. आणि नुसता टॅप टेम्पो पुरेसा नाही, मात्रेचे भाग निवडण्याची सोयही हवी. म्हणजे तुम्ही पायाने सरळ मात्रा द्यावी आणि पेडलने तिची पाऊण काढावी. पायाने थेट पाऊण मात्रा देणे वाजवता वाजवता फार कठीण असते. मूळ कार्बन कॉपीत टॅप टेम्पो नाही, हेही तुमच्या निवडीत लक्षात घ्या.

खर्ज

पाऊणमात्रा यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात डिजिटल बाजूचे थोडे जोडतो.

लहान पेडलच्या आकारातला पहिला डिजिटल डिले, बॉस डीडी-२, १९८३ मध्ये आला. १२ बिटचे रूपांतर आणि ८०० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर एवढेच त्यात होते, तरी प्रतिध्वनी स्पष्ट असल्यामुळे तालबद्ध वादन एकदम सोपे झाले. पुढे लाइन सिक्सचे डीएल४ १९९९ मध्ये आले आणि एकाच पेटीत टेप, ॲनालॉग, उलटा, स्टिरिओ असे अनेक प्रकार, सोबत १४ सेकंदांचा लूपर (वाजवलेला तुकडा साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणारी सोय), असा पायंडा पडला. आजच्या डिजिटल पेडलांत प्रतिध्वनीचा वरचा भाग कापणारा टोनचा नॉब बहुधा असतोच. त्यामुळे डिजिटल म्हणजे काचेसारखा कडक आवाज हे समीकरण आता खरे राहिलेले नाही. स्पष्ट प्रतिध्वनी मऊ करता येतो. काळसर प्रतिध्वनीला मात्र कापून टाकलेली धार परत देता येत नाही. एकच पेडल घ्यायचे असेल तर मला हा मुद्दा निर्णायक वाटतो.

एक खबरदारी घ्यावी. पीटी२३९९ नावाची स्वस्त चिप मुळात कराओके यंत्रांतल्या प्रतिध्वनीसाठी वापरली जात असे आणि आज असंख्य लहान डिले पेडलांत ती असते. ती आतून डिजिटल आहे; तिच्याभोवतीच्या गाळण्यांमुळे आवाज ॲनालॉगसारखा वाटतो आणि वर्णनातही पुष्कळदा तसेच सुचवलेले असते. सुमारे ३४० मिलिसेकंदांच्या पुढे तिच्यात खरखर वाढत जाते. स्लॅपबॅकसाठी ही पेडले मला मनापासून आवडतात, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण १२० च्या गतीला पाऊण मात्रा हवी असेल तर ती तिच्या स्वच्छ पल्ल्याबाहेर पडते, हे विकत घेण्याआधी माहीत असावे.

शुद्धनिषाद

टोनच्या नॉबबद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. पुष्कळ डिजिटल पेडलांत तो नॉब सर्व प्रतिध्वनींचा वरचा भाग एकदाच कापतो. फीडबॅकच्या वर्तुळात तो नसतो. मग पहिला आणि पाचवा प्रतिध्वनी सारखाच मऊ राहतो, फक्त त्याचा आवाज कमी होत जातो. ॲनालॉग किंवा टेपमध्ये तो दर फेरीला झिजतो, आणि खोलीचा आभास त्या झिजण्यातून येतो. म्हणून पेडल वाजवून पाहताना एक छोटा तुटक सूर वाजवा, फीडबॅक वाढवा आणि शेपटी शेवटपर्यंत ऐका. प्रत्येक प्रतिध्वनीचा पोत बदलत असेल तर गाळणी वर्तुळाच्या आत आहे, आणि अशा डिजिटल पेडलला माझा काहीच आक्षेप नाही.

मंद्र (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आमचा ड्रमर मेट्रोनोम लावत नाही, त्यामुळे टॅप टेम्पोचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. आता दोन शंका. हे पेडल ओव्हरड्राइव्हच्या आधी लावावे की नंतर, आणि माझ्या ॲम्पच्या इफेक्ट्स लूपचा (ॲम्पच्या दोन टप्प्यांमध्ये पेडल जोडण्याच्या जागेचा) उपयोग करावा का? दुसरी शंका अशी की काही ठिकाणी ट्रू बायपास हा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. डिलेच्या बाबतीतही तो गुणच मानावा का?

जोडतार

क्रमाविषयी लिहितो. डिले ओव्हरड्राइव्हच्या नंतर आणि रिव्हर्बच्या आधी, हा क्रम बहुतेकांना मानवतो आणि त्याला कारण आहे. ओव्हरड्राइव्ह आवाज दाबतो, म्हणजे मोठ्या आणि लहान आवाजांतला फरक कमी करतो. डिले त्याच्या आधी असेल तर मंद होत जाणारे प्रतिध्वनीही उचलले जातात आणि नवा सूर व जुना प्रतिध्वनी एकत्र चिरडले जाऊन त्यांच्या मिश्रणातून बेसूर वाटणारे आवाज तयार होतात. काही वादकांना तो गढूळपणा मुद्दाम हवा असतो, पण लयीत बसणाऱ्या नक्षीसाठी तो मारकच आहे.

इफेक्ट्स लूपचा निर्णय तुमचे डिस्टॉर्शन कुठे तयार होते यावर घ्यावा. ॲम्प स्वच्छ ठेवून पेडलमधूनच ओव्हरड्राइव्ह घेत असाल तर लूपची गरज नाही. सगळे गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये लावा. पण ॲम्पचा प्रीॲम्प, म्हणजे त्याचा पहिला टप्पा, तापवून आवाज फाडत असाल तर डिले लूपमध्येच हवे, नाहीतर ते त्या डिस्टॉर्शनच्या आधी येते आणि वर सांगितलेलाच दोष निर्माण होतो. लूप वापरताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली पातळी: काही ॲम्पचा लूप लाइन पातळीचा असतो आणि गिटारच्या पातळीसाठी बनवलेले पेडल तिथे फाटते; ॲम्पवर पातळी कमी करण्याचा स्विच असेल तर तो वापरावा. दुसरी गोष्ट लूप समांतर आहे का ही. समांतर लूपमध्ये मूळ आवाज ॲम्पमधून स्वतंत्रपणे जात असतो, म्हणून पेडलमधून फक्त प्रतिध्वनीच बाहेर यावा लागतो. मूळ आवाज बंद करण्याची सोय नसेल आणि तो डिजिटल रूपांतरातून किंचित उशिरा येत असेल तर दोन्ही मूळ आवाज एकमेकांना खोडतात आणि गिटार पोकळ, नळीतून आल्यासारखी ऐकू येते.

ट्रू बायपासविषयी माझे मत स्पष्ट आहे. पेडल बंद केल्यावर ते परिपथातून पूर्ण बाहेर पडते, त्यामुळे हवेत असलेले प्रतिध्वनीही तत्क्षणी तुटतात. एकल वादन संपवून तुम्ही पेडल बंद करता तेव्हा शेवटचा सूर नैसर्गिकपणे विरावा असे वाटत असेल तर शेपटी चालू ठेवणारी सोय, म्हणजे ट्रेल्स, हवी आणि तिथे ट्रू बायपास चालत नाही. लांब केबल असतील तर बफरचा (केबलमध्ये आवाज क्षीण होऊ न देणाऱ्या परिपथाचा) उलट फायदाच होतो. काही पेडलांत दोन्ही पर्याय आतल्या स्विचने निवडता येतात, ते सर्वांत बरे.

वीजपुरवठ्याचेही आत्ताच पाहून ठेवा. बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, आतला टोक ऋण असलेला पुरवठा लागतो. ॲनालॉग डिलेला बहुधा शंभराहून कमी मिलिअँपिअर पुरतात, पण मोठ्या डिजिटल पेडलला काहीशे लागू शकतात, आणि एकाच वायरवरून सर्व पेडलांना वीज दिली तर त्याच्या घड्याळाची बारीक शिट्टी ओव्हरड्राइव्हमधून मोठी होऊन ऐकू येते. डिजिटल पेडलला स्वतंत्र, विलग पुरवठा द्यावा.

पाऊणमात्रा

धाग्यात एक पर्याय अजून आलेला नाही. तीन अपेक्षांसाठी स्मृतीत तीन मांडण्या साठवणारे एक मोठे पेडल घेता येईल, किंवा दोन साधी पेडले घेता येतील: एक ॲनालॉग, खोली किंवा स्लॅपबॅकसाठी, आणि एक टॅप टेम्पो असलेले डिजिटल, नक्षीसाठी. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण दोन्ही एकत्र लावता येतात. आधी डिजिटल, त्याच्यानंतर ॲनालॉग हलक्या पातळीवर ठेवले की तालबद्ध नक्षीलाही एक मऊ पार्श्वभूमी मिळते. अनेक प्रकार असलेल्या पेटीत ही भर एकाच वेळी मिळेलच असे नाही.

मंद्र (धागाकर्ता)

दोन पेडलांचा मार्ग पटला, पण सुरुवात एकाच पेडलने करणार आहे. ज्या अपेक्षेला सर्वांत कडक अटी आहेत ती आधी पूर्ण करावी असे ठरवले: टॅप टेम्पो आणि पाऊण मात्रेची निवड, फीडबॅकच्या वर्तुळातली गाळणी, ट्रेल्स आणि किमान दोन साठवलेल्या मांडण्या असलेले मध्यम आकाराचे डिजिटल पेडल. स्लॅपबॅक त्यातल्या एका मांडणीत ठेवेन आणि एकल वादनाची खोली दुसऱ्या मांडणीत. माझा ओव्हरड्राइव्ह पेडलमधूनच येतो, म्हणून लूप सध्या रिकामाच राहील. ॲनालॉग पेडल पुढे घेईन, तेही शुद्धनिषाद यांनी सांगितलेली शेपटी शेवटपर्यंत ऐकूनच.

खर्ज

उत्तम निवड आहे. वाजवून पाहताना टॅपचा आणि चालू-बंदचा स्विच यांच्यातले अंतर बूट घालून तपासा. लहान पेटीत दोन्ही इतके जवळ असतात की लय देताना पेडल बंद होते. वेळेचा नॉब ८० ते १४० च्या पट्ट्यात किती सावकाश फिरतो तेही पाहा, कारण एक सेकंदाहून मोठा पल्ला असलेल्या काही पेडलांत हा सगळा पट्टा नॉबच्या थोड्याशाच वळणात संपतो आणि स्लॅपबॅक अचूक लावणे जिकिरीचे होते. मिक्सची पातळी मात्र एकट्याने बसून ठरवू नका. शांत खोलीत भरपूर वाटणारा प्रतिध्वनी झांजा आणि बेस सुरू झाले की दिसेनासा होतो, त्यामुळे साठवलेल्या मांडण्या गटाच्या पहिल्या सरावात, ड्रम वाजत असतानाच, पुन्हा लावून साठवा.